उंबरठ्यावरची एकोणिसावी तपासणी

शनिवारी जेवणं उरकली, भांडी झाली, नवरा पेपर तोंडावर घेऊन घोरायला लागला, तेव्हा ताईने लॅपटॉप उघडला. काम दहा मिनिटांचं होतं. एक पत्र वाचायचं, खाली 'मंजूर' लिहायचं आणि आपणही आडवं व्हायचं. पण हे दहा मिनिटांचं काम ती चार दिवस टाळत होती. त्यासाठी तिने माळा आवरला होता, पडदे धुतले होते आणि न आवडणाऱ्या नणंदेला आपणहून फोन करून तिची गुडघेदुखी पाऊण तास ऐकून घेतली होती. यावरून काय ते समजावं.

पत्र ग्रंथपाल बाईंचं होतं. या बाई कुठल्याशा दूरच्या गावात वाचनालय चालवत. ताईने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण 'ठेवरेव' नावाच्या प्रोग्रामवर त्या तीन वर्षं फुकट राबत होत्या आणि सोमवारपासून त्याची सगळी जबाबदारी घेणार होत्या. ठेवरेव हा ताईचा आणि तिच्या धाकट्या भावाचा प्रोग्राम. वीस वर्षांपूर्वी दोघांनी लिहिला आणि ओपन सोर्स म्हणून जगाला देऊन टाकला. कोणीही वापरावा, कोणीही आतला कोड वाचावा, चुका दाखवाव्यात. त्याचं काम एकच, एका जागेच्या फायली दुसऱ्या जागी नीट उतरवून ठेवायच्या.

"तुमचे बंधू आता थकले म्हणतात," बाईंनी लिहिलं होतं. "त्यांनी सगळ्याला होकार दिलाय. तुमचा तेवढा राहिला. सुरुवातीच्या तपासण्यांची 'उंबरठा' ही फाइल मी काढून टाकते आहे. हल्ली हे काम करणारा तयार कोड मिळतो. पण तुमचाच नियम आहे की कुठलीही तपासणी का आली हे वाचल्याशिवाय काढायची नाही, आणि दोघांची मंजुरी हवी. तेवढं वाचून कळवता का?"

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. टाळण्याचं कारण दुसरं होतं. ताई आणि धाकटा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण लपलेलं नव्हतं, नातेवाइकांत त्याची चवीने चर्चा व्हायची. तरी ठेवरेवमुळे वर्षातून दहा-पंधरा वेळा दोघांची गाठ पडे. 'मंजूर.' 'पाहिलं.' 'ओळ चाळीस पुन्हा बघ.' एवढंच, पण ते वाचलं की तो आहे, जेवतोखातो, कामं करतो, हे तिला कळायचं. बाईंना होकार दिला की तेही संपणार होतं. उरलेलं एकुलतं एक सूत तिला स्वतःच्या हाताने तोडायचं होतं, आणि त्यावर 'मंजूर' असं लिहायचं होतं.

नियम नियम होता. तिने उंबरठा उघडला.

ठेवरेवला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. एक ओळ टाइप करायची. प्रोग्रामचं नाव, मग कुठून, मग कुठे, आणि पुढे लागतील ते पर्याय. माणूस त्या एका ओळीत काय काय घोळ घालू शकतो हे कळायला वीस वर्षंही पुरत नाहीत. म्हणून आत पाऊल टाकण्याआधी ती ओळ पुरती तपासून घ्यायची, एकाही फाइलला हात लावण्यापूर्वी, आणि काही खटकलं तर दारातूनच परत पाठवायचं, हे काम उंबरठ्याचं.

ही रीत दोघांनी आईकडून उचलली होती. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोर भोकांची भिंत, हातात वायर, कानावर जडशीळ हेडफोन. समोरच्याने नंबर सांगितला की ती तो परत म्हणून दाखवायची, "बरोबर?" असं विचारायची, आणि हो आलं तरच वायर खुपसायची. सुटीच्या दिवशी दोघं पोरं एक्स्चेंजच्या मागच्या बाकावर डबा खात बसत आणि दिवसभर ते "बरोबर?" ऐकत. घरीही सुटका नव्हती. मीठ आणायला पाठवलं तरी "काय आणणार? किती? बरोबर?" झाल्याशिवाय दाराबाहेर पडता यायचं नाही. धाकट्याला याचा इतका वैताग यायचा की तो मुद्दाम "साखर" म्हणायचा आणि धपाटा खायचा. घरातली बोलणी आणि धपाटे हे खातं जन्मापासून त्याच्याच नावावर होतं, ताई बिनबोभाट वाढली.

पुढे त्याच घराच्या मागच्या खोलीत ठेवरेव लिहिला गेला. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि एक डुगडुगता स्टूल. कोड धाकटा लिहायचा म्हणून खुर्ची त्याची. ताई यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याची नोकरी करायची, म्हणून चूक झाल्यावर प्रोग्राम माणसाशी काय बोलेल ते शब्द तिचे, आणि स्टूलही तिचा. "तू दोन ओळी लिहिणार, तुला खुर्ची कशाला?" तो म्हणायचा. या दोन ओळींवर ती दोन-दोन तास घालवायची. माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात प्रोग्रामने वस्सकन अंगावर येऊ नये, असा तिचा हट्ट होता.

तिने पहिली तपासणी वाचली. 'चूक कोणाची: फोटोवाले.' हे शेजारचे, जगातले पहिले वापरणारे. 'कुठून' आणि 'कुठे' या दोन्ही जागी त्यांनी एकच फोल्डर दिलं. ठेवरेव मुकाट्याने फोल्डर त्याच्याच पोटात उतरवत राहिला, डिस्क भरेपर्यंत. फोटोवाले कमरेवर हात ठेवून दारात उभे राहिले होते आणि आईने त्यांना चहा पाजून शांत केलं होतं.

सातवी एका मास्तरांची. किती प्रती हव्यात, तिथे त्यांनी उणे एक लिहिलं होतं. कशाला, तर "बघू तरी काय करतो ते." बारावी दंतवैद्यांची. त्यांनी प्रोग्रामच्या नावापुढे 'कृपया माझे एक्स-रे दुसऱ्या डिस्कवर ठेवावेत, आभारी आहे' असं अख्खं वाक्यच लिहिलं. त्यावर ताईने घातलेला संदेश अजून तसाच होता. 'तुमची विनंती पोचली, पण मला फक्त जागांची नावं कळतात. कुठून आणि कुठे, एवढंच लिहा.' हे लिहिताना दोघं इतके हसले होते की धाकटा खुर्चीवरून आणि ती स्टुलावरून, अशी दोघंही खाली आली होती. ताईला आता एकटीलाच हसू आलं, आणि मग आलं नाही.

प्रत्येक तपासणीखाली ती मूळ चुकीची ओळ होती, जशी टाइप झाली तशी. हा नियमही ताईचाच. "चूक धुऊनपुसून ठेवली की ती चूक राहत नाही, नमुना होतो," ती स्टुलावरून ठणकावून म्हणाली होती. म्हणून नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधी या सगळ्या ओळी ठेवरेवला पुन्हा दिल्या जात आणि तो त्या दारातून परत पाठवतो ना, हे बघितलं जाई. एकूण सव्वीस तपासण्या, सव्वीस माणसांच्या सव्वीस फजित्या. त्यातले फोटोवाले आता नव्हते. मास्तर नव्हते. चहा पाजणारी आईही नव्हती.

सोळा, सतरा, अठरा. मग एकोणिसावी आली आणि ताईचा हात थांबला.

ही तिने कधी वाचलीच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी ती मंजुरीसाठी आली, तेव्हा तिने स्वतःचाच नियम मोडून, न वाचता, दात-ओठ खात 'मंजूर' लिहिलं होतं. कारण ती कशाबद्दल आहे हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

आईची एक थोरली बहीण परदेशी होती. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडणाऱ्या आईला स्वतःच्या बहिणीला फोन लावायची परवानगी नव्हती, आणि बाहेरून लावणं परवडायचं नाही. म्हणून ती कॅसेटवर बोलून पाठवायची. पत्रच, पण आवाजाचं. अशा त्रेचाळीस कॅसेट मावशीने जपून ठेवल्या होत्या, त्या आई गेल्यावर परत पाठवल्या. बुरशी आलेल्या, एकदा वाजल्या की टेपचा भुगा पडायचा अशा. धाकट्याने महिनाभर बसून एकेक कॅसेट शेवटची वाजवली आणि डिस्कवर उतरवून घेतली. ताईला ऐकवत नव्हतं. अजून नको, म्हणाली, जरा सावरू दे. एका रविवारी ती नवीन डिस्क घेऊन त्याच्याकडे गेली, दुसरी प्रत करायला लावून दिली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून डिस्क तिथेच ठेवून निघाली.

बुधवारी धाकट्याचा फोन आला. दोन्ही डिस्क रिकाम्या होत्या. नवी आवृत्ती तपासत होतो, तो म्हणाला, माझ्या हातून गेलं. ठेवरेव पुसायचा ते कायमचं पुसायचा. ती हौसही दोघांचीच.

त्या आठवड्यात सगळे जमलेले असताना ताई त्याला म्हणाली होती, "तुझ्या हातात आई द्यायलाच नको होती." सगळ्यांसमोर म्हणाली होती. तो खाली बघत राहिला. मग ती त्याच्याशी बोलेनाशी झाली, आणि त्यानेही कधी हाक मारली नाही.

ताईने डोळे पुसले, चष्मा पुसला आणि वाचायला लागली.

'चूक कोणाची: धाकटा.' त्याखाली संदेश. सव्वीस संदेशांत हा एकच तिने लिहिलेला नव्हता. 'थांबा. जिथे उतरवायचं ती जागा भरलेली आहे आणि जिथून उतरवायचं ती रिकामी आहे. उलटं तर झालं नाही ना? अजून काहीही बिघडलेलं नाही.' बरं लिहिलंय, तिला नाइलाजाने वाटलं. मग तिची नजर खाली मूळ ओळीवर गेली.

आधी नव्या डिस्कचं नाव होतं, मग आईच्या फोल्डरचं. पुढे 'आरसा' हा पर्याय, म्हणजे दुसरी जागा पहिलीसारखी हुबेहूब करायची, जास्तीचं असेल ते पुसून टाकायचं. आणि त्यापुढे 'बोल' हा पर्याय, तीनदा.

'बोल' दिला की ठेवरेव काय करतो आहे ते पडद्यावर सांगत राहतो. एकदा दिला तर थोडं, तीनदा दिला तर एकेका फाइलचं नाव घेऊन. अख्ख्या जगात तो तीनदा देणारी एकच बाई होती. धाकटा कधीच देत नसे. "तुझी कटकट कमी आहे का, त्यात त्याची ऐकू?" म्हणायचा.

ताई त्या ओळीकडे बघत राहिली, आणि मग तिला क्रम दिसला. ठेवरेवमध्ये सुरुवातीला आधी 'कुठे' आणि मग 'कुठून' लिहावं लागायचं. हे तिचंच डोकं. आधी रिकामा डबा पुढे घ्यायचा, मग त्यात ओतायचं, याहून सरळ काय असतं? पण बाकी सगळ्या जगाचे प्रोग्राम उलट चालत, लोक चुकत, म्हणून धाकट्याने आई गेली त्याच वर्षी क्रम फिरवला. ताई भांडली, हरली आणि मंजुरी देऊन मोकळी झाली. तिच्या घरच्या मशीनवर जुनीच आवृत्ती राहिली. धाकट्याच्या मशीनवर नवी होती.

ओळीच्या वर तारीख होती, रविवारची. वेळ चार वाजून दहा मिनिटं. तिची गाडी पाचची होती.

तिला ते सगळं दिसलं. ती खुर्चीवर बसली होती, त्या दिवशी धाकट्याने आपणहून उठून तिला खुर्ची दिली होती आणि तो आत चहा टाकायला गेला होता. तिने ओळ टाइप केली, बॅगेची चेन लावता लावता पडद्याकडे पाहिलं. फायलींची नावं सरसर वर जात होती. कॅसेट एक, कॅसेट दोन, तीन. तिला वाटलं, उतरतायत. इतक्या भरभर कशा, असंही क्षणभर वाटलं होतं, आणि मशीन नवं आहे म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. आई पुसली जात होती आणि ती चेन अडकली म्हणून चेनवर चिडत होती.

नवरा पलीकडे घोरतच होता. ताई उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला आणि परत आली. रडू येईल असं वाटत होतं, पण आली ती लाज. अकरा वर्षं तिने ज्याला तोंडावर बोल लावला, त्याने त्या बुधवारी तिला फक्त एवढंच सांगायचं होतं, 'ताई, तू.' दोन शब्दांचं काम होतं. तो मशीनवरची टाइप झालेली ओळ बघूनही गप्प राहिला. पण नियम त्याने पाळला होता. चूक जशीच्या तशी ठेवली होती, फक्त नाव स्वतःचं घातलं होतं.

तिने उरलेल्या सात तपासण्या वाचून काढल्या आणि टाइप करायला लागली. आधी बाईंना लिहिलं, 'पंचवीस तपासण्या वाचल्या, मंजूर. एकोणिसाव्या तपासणीत एक गोष्ट खोटी लिहिली आहे. ती आधी दुरुस्त होईल, मग काढायचं बघू.' मग उंबरठा उघडून 'धाकटा' हा शब्द खोडला आणि तिथे 'ताई' लिहिलं. बदल का केला, या रकान्यात बराच वेळ काही सुचेना. माहितीपुस्तिका लिहून लिहून जिचे केस पांढरे झाले, तिला एक वाक्य जमेना. शेवटी लिहिलं, 'मला आज कळलं. माझं चुकलं. मला माफ कर.' आणि नियमाप्रमाणे ते धाकट्याच्या मंजुरीला पाठवून दिलं.

मंजुरी आली नाही. वीस मिनिटांनी फोन वाजला.

"ते नाव बदलायची काही गरज नव्हती," धाकटा म्हणाला. अकरा वर्षांनी त्याचं पहिलं वाक्य हे होतं. आवाज थोडा जाडा झाला होता.

"अरे, तू सांगितलं का नाहीस?" ताई म्हणाली.

"काय सांगायचं? क्रम मी फिरवला. तू नको नको म्हणत होतीस, जुनी सवय असलेला कुणीतरी फसेल म्हणून. मी म्हटलं, इतकं वेंधळं कोण असतंय. मग चूक कोणाची, सांग."

"माझी. टाइप मी केलं."

"तीन दिवस डिस्क खरवडत होतो, ताई. काही हाती लागलं तर तुला कळूच द्यायचं नव्हतं. नाही लागलं. आणि आई जाऊन चार महिने झाले होते. तुझी काय अवस्था होती मला दिसत होतं. त्यात हे कुठे घालू? मला काय, बोलणी खायची सवय होती. तुला कुठे होती?"

"मी काय बोलले होते तुला, आठवतंय?"

"आठवतंय."

"सगळ्यांसमोर बोलले."

"हो."

तो 'जाऊ दे' म्हणाला नाही, याचं तिला बरं वाटलं. असं झटकन जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच. ती रडत होती आणि तो पलीकडे थांबून होता, फोन न ठेवता.

"आणि मग ही तपासणी काढायला होकार कसा दिलास?" तिने नाक पुसत विचारलं.

"निघून गेली असती तर बरंच की. त्या बाई सगळं वाचतात. एक दिवस तुला विचारलं असतं, हे तीनदा 'बोल' कोण लिहितं म्हणून."

तिला हसू आलं, ओलंचिंब. ताईला वाटलं, फोन ठेवला तर परत कोण उचलणार? म्हणून तिने जे अकरा वर्षं मनात दाबून ठेवलं होतं तेच बोलून टाकलं.

"मी एकही ऐकली नाही रे. एकसुद्धा कॅसेट नाही. सावरू दे म्हणत बसले."

"मी ऐकल्यात," धाकटा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? उतरवून घ्यायला वाजवाव्या लागतात ना. वेगात वाजवून चालत नाही. त्रेचाळीस कॅसेट, महिनाभर, सकाळ-संध्याकाळ. सगळ्या ऐकल्यात मी. अथपासून इतिपर्यंत."

ताई उभी होती ती खाली बसली, कपाटाला पाठ टेकून. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आईचं ते सगळं बोलणं एका माणसाच्या कानात अकरा वर्षं शाबूत होतं आणि त्याच माणसाशी तिने बोलणं टाकलं होतं.

"आठवतं तुला?" तिने हळूच विचारलं.

"बरंचसं. सुरुवात तर सगळ्यांची एकच. 'हॅलो, अक्का, आवाज येतोय का?' असं म्हणते आणि थांबते. उत्तराची वाट बघत. कॅसेटवर, ताई! चांगली पाच सेकंद थांबते. मग स्वतःशीच म्हणते, 'हां, बरोबर,' आणि लागते बोलायला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वेळा."

ताईने तोंडावर हात धरला.

"सगळ्या सांगू?" धाकटा म्हणाला. "वेळ लागेल पण."

"लागू दे," ताई म्हणाली. "पहिलीपासून सांग."